सहा वर्षांचा टॅब नवा घेतला नाही, दुरुस्त केला: सात महिन्यांनंतरचा अनुभव

रात्रभर चार्जिंगला लावलेला टॅब सकाळी नऊ टक्क्यांवर होता. पडद्यावर विजेचं चिन्ह दिसत होतं, म्हणजे टॅबच्या लेखी चार्जिंग चालू होतं. ओटीवर पुण्याचं सहा जणांचं कुटुंब चहाची वाट बघत बसलेलं, त्यांनी रात्री पाठवलेली जेवणाची यादी त्याच टॅबमध्ये, आणि मी वायर कधी वर, कधी खाली दाबून बघतेय. यादीतल्या चार ओळी कागदावर उतरवल्या आणि टॅब बंद पडला तो पडलाच. गेल्या आषाढातली गोष्ट.

आमची हर्णैला दोन खोल्या आणि घरगुती खानावळ आहे. टॅब २०१९ च्या दिवाळीत घेतला. दहा इंची, २ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, चार्जिंगला जुनी मायक्रो यूएसबी पिन. बुकिंग, हिशेब, मुलाची लॉकडाऊनमधली शाळा, सासूबाईंचं कीर्तन आणि डोंबिवलीच्या नणंदेशी व्हिडिओ कॉल, सगळं त्याच्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमची अर्धी कौलं उडाली आणि पुढे कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हा शेजाऱ्यांच्या जनरेटरवर मोबाईल आणि हा टॅब चार्ज करून आम्ही नातेवाइकांना खुशाली कळवत होतो. हे सांगायचं कारण, ‘जुना झाला, टाका’ असं त्याच्याबद्दल मला पटकन म्हणवत नाही.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. हर्णैहून दापोली, दापोलीहून खेड, खेडहून चिपळूण, एसटीने अर्धा दिवस जातो. तपासणी फी ३०० रुपये, वर जीएसटी, ३५४ झाले. दोन दिवसांत सांगतो म्हणाले. दोन दिवसांचे एकोणीस दिवस झाले. मधे रोज फोन, रोज वेगळं माणूस, रोज ‘मॅडम, पार्टची चौकशी चालू आहे’. शेवटी निरोप आला की आतली पाणी दाखवणारी पट्टी गुलाबी झाली आहे, म्हणजे टॅब पाण्यात पडला होता, मदरबोर्ड बदलावा लागेल, खर्च ९,८०० रुपये. नुसती चार्जिंगची पिन बदलून मिळेल का विचारलं, तर आम्ही सुटा पार्ट बदलत नाही, म्हणाले.

टॅब पाण्यात कधीही पडलेला नाही. तो स्वयंपाकघरात फळीवर असतो, त्याखाली मोरी नाही, माठ नाही. पैसे द्यायचे की नाही ते माझं मी ठरवेन, पण माझ्या घरात न घडलेली गोष्ट घडली म्हणून माझ्या तोंडावर सांगितलेली मला फार लागली. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. वॉरंटी संपलेली, त्यामुळे फुकट दुरुस्ती मिळणार नव्हतीच आणि मला ती नकोही होती. पण चार दिवसांनी सेंटरचा फोन आला की टॅब घेऊन जा. मागचं झाकण एका कोपऱ्यात नीट न बसवताच हातात दिलं. फी परत मिळाली नाही.

तेव्हा मी मनाशी नवीनच घ्यायचं ठरवलं होतं. तशाच आकाराचा, बऱ्या कंपनीचा टॅब १३,५०० ला बघून ठेवला. ९,८०० घालून सहा वर्षांचा जुना चालवण्यापेक्षा ३,७०० जास्त घालून नवीन, हा हिशेब कुणालाही पटेल. मलाही पटला होता.

पण एसटीला तासभर अवकाश होता आणि चिपळूणच्या बाजारात एक मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान उघडं दिसलं. त्या दादांना म्हटलं, नुसतं बघून सांगा. त्यांनी टॅब उघडायच्या आधी वायरच्या मधे एक छोटा मीटर लावला. आकडा आला ०.१२ अँपिअर. ‘वहिनी, चार्जर दोन अँपिअरचा आहे आणि आत जातंय एवढंच. रात्रभर लावलात तरी काय भरणार?’ मग झाकण काढलं, पिनेवर भिंग धरलं आणि मला म्हणाले, तुम्हीच बघा.

मी बघितलं. त्या इवल्याशा भोकात पाच पट्ट्या असतात. चार पिवळ्या, चकचकीत. कडेची पाचवी काळपट, टोकाला खाल्लेली, आणि तिच्या बुडाशी हिरवी बुरशी असावी तसा थर. देवघरातलं तांब्याचं भांडं बरेच दिवस घासलं नाही की येतो तोच कळकट हिरवा. दादा म्हणाले, या पाचवीतून पाच व्होल्ट येतात. बाकीच्यांना नाही आणि हिलाच गंज, त्याचं कारण ते.

आता या पिनेबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याचा टॅब पडद्याआधी, बॅटरीआधी इथेच मरतो, अशी माझी खात्री झाली आहे. आमच्याकडे मृग लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात आमच्या हवेची आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर तेच मीठ कणाकणाने खिडकीच्या गजांवर बसतं, सायकलच्या साखळीवर बसतं, तसंच टॅबच्या भोकातही बसतं. जूनमध्ये ते पाझरतं. त्या खाऱ्या ओलीत आपण चार्जर खुपसतो, पाच व्होल्ट सोडतो, आणि ज्या पट्टीतून वीज येते ती पट्टी आतल्या आत विरघळत जाते. टॅब पाण्यात पडावा लागत नाही, हर्णैत सहा पावसाळे काढले तरी पुरे. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला पट्टी गुलाबी दिसली, पण ती कशाने झाली असेल हे त्याने किनाऱ्यावरच्या गावातून आलेला टॅब बघताना विचारात घ्यायला हवं होतं.

चिपळूणच्या या दादांना ते विचारावंच लागलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, त्यानंतर चिखलातून काढलेले मोबाईल उघडून उघडून धुतले, तिथे हात बसला, म्हणाले. त्यांनी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केला, जुनी पिन गरम हवेने काढली, नवी बसवली. मी आधी टॅब दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला होता हे सांगितलं, तर त्यांनी भोकातून तांदळाचा पांढरा भुगा काढून दाखवला. तांदूळ पाणी ओढेल न ओढेल, मीठ काही ओढत नाही, ते धुऊनच काढावं लागतं.

पिन ४५०, नवी वायर १८०. मीटरवर १.७ अँपिअर. त्या आकड्याकडे बघून मला किती बरं वाटलं ते लिहून कळणार नाही.

वायरबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांच्या कामाची आहे. मायक्रो यूएसबीच्या वायरच्या टोकाला एका बाजूला दोन बारीक स्प्रिंगचे आकडे असतात, त्यांनी वायर धरून राहते. झिजायचं ते त्यांनी, टॅबच्या भोकाने नाही, अशीच ती रचना आहे. म्हणून चार्जिंग सैल वाटलं तर आधी वायर बदला, तीही चांगली घ्या. मी वर्षभर तीच सैल वायर वाटीखाली दाबून, रबर लावून चालवली. एकशेऐंशी रुपये वाचवायला गेले आणि तेवढं वर्ष पिनेवर ताण आला.

इथे थांबले असते तर हा अनुभव नुसता कौतुकाचा झाला असता. गणपतीत टॅब दणक्यात चालला. मी दोन शेजारणींना सांगूनही आले की नवीन घेऊ नका, पिन बदला.

डिसेंबरात, नाताळच्या गर्दीत, टॅब टेबलावर ठेवला की डुगडुगायला लागला. आधी वाटलं टेबल. मग पडद्याच्या डाव्या कडेला पांढुरका डाग आला आणि काच तिथे किंचित उचललेली दिसली. बॅटरी फुगली होती. मी ताबडतोब बंद केला आणि ओटीवर दगडी पाटावर नेऊन ठेवला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही, ती पेट घेऊ शकते. हे एवढं तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

याला बॅटरीचं वय कारण होतंच, पण अर्धा दोष माझा. नवी पिन पुन्हा सैल होऊ नये या धास्तीने मी गणपतीपासून वायर काढलीच नव्हती. चार महिने टॅब रात्रंदिवस १०० टक्के, आणि फळी चुलीपासून तीन हातांवर. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेली ठेवणं आणि ऊब, दोन्ही सोसत नाही. दोन्ही एकदम दिलं की ती आतून वायू सोडते आणि फुगते. पिनेला जपता जपता मी बॅटरी घालवली.

त्या आठवड्यात माझं मत पुरतं फिरलं होतं. मिस्टर म्हणाले, ‘आता मोह सोड, आज पिन, उद्या बॅटरी, परवा अजून काही.’ मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. तरी चिपळूणला फोन केला. बॅटरी १,४०० ला बसेल म्हणाले, पण चार दिवस थांबा, माझ्याकडे आहे ती दोन वर्षं डब्यात पडून आहे, ती तुम्हाला देणार नाही. हातातलं गिऱ्हाईक जाऊ शकत असताना माणूस असं बोलतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा. नव्या बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख आणि बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, आयएस १६०४६ हा क्रमांक त्यांनी मला दाखवून मग बसवली. जुनी रेतीच्या डब्यात ठेवून घेतली, ई-कचरावाल्याकडे जाते म्हणाले. तुम्ही बॅटरी बदललीत तर ही तारीख स्वतः वाचा.

एकूण खर्च, सर्व्हिस सेंटरच्या वाया गेलेल्या फीसकट, २,३८४ रुपये. एसटीचं भाडं आणि माझे दिवस वेगळे.

आता कसा आहे? सकाळी दोन-अडीच तास लावते, ८० टक्क्यांच्या आसपास वायर काढते, रात्री हिशेब होईपर्यंत पुरतो. कीर्तन लागलं तर संध्याकाळी थोडा पुन्हा. फळीवरून त्याला हलवलं. जागा सासूबाईंनी काढून दिली. पापडाचा जुना उभा डबा होता, घट्ट झाकणाचा. म्हणाल्या, ‘अगो, पापड सादळू नयेत म्हणून ज्यात ठेवतो, त्यात हा का नाही राहणार?’ मी नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून तळाशी टाकल्या. रात्री टॅब त्यात. पाऊस अजून यायचाय, खरी परीक्षा तेव्हा, पण मधे थंडीतल्या दवाच्या दिवसांतही भोक कोरडं राहिलं, मी भिंग आणून बघते.

मंदपणा मात्र आहे तसाच आहे. २ जीबी रॅमचं औषध कुणाकडे नाही. बुकिंगचं ॲप उघडलं की मी पाण्याचा तांब्या भरून येते, तोवर उघडतं. जागा सारखी भरते, दर रविवारी पाहुण्यांचे फोटो मोबाईलवर हलवावे लागतात. आणि अँड्रॉइड १० वर थांबला आहे, सुरक्षेचे अपडेट कधीच बंद झाले, म्हणून बँक किंवा यूपीआय त्यावर ठेवलेलं नाही. ते मोबाईलवरच. ज्यांना टॅबवरून पैशांचे व्यवहार करायचेत किंवा मुलाचा पूर्ण अभ्यास त्यावर चालवायचाय, त्यांनी पिन बदलून काही साधणार नाही, त्यांनी नवीनच घ्यावा. घेताना टाइप-सी, म्हणजे हल्लीच्या मोबाईलला असते त्या पिनेचा घ्यावा आणि अपडेट किती वर्षं देणार हे दुकानात विचारावं. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे की टॅबची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. तो नियम मला लागू असता तर चिपळूणचे माझे एकोणीस दिवस वाचले असते, हे मला राहून राहून वाटतं.

माझ्यापुरती मी एक रेघ मारून घेतली आहे. नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, म्हणजे साडेचार हजारांपर्यंत, याच्यावर खर्च करायचा. त्यातले जवळजवळ अर्धे शिल्लक आहेत. पिन पुन्हा गेली तर बदलेन. पडदा गेला तर नाही, कारण नुसता पडदाच त्या रकमेत बसत नाही. बोर्डाला गंज धरला तरी नाही.

नव्या टॅबसाठी बाजूला काढलेले १३,५०० मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कपाटात होते. मग इन्व्हर्टरची बॅटरी गेली, नवी त्यातून घेतली. मेच्या गर्दीत लाईट गेली की खोल्यांतले पंखे तरी चालू राहतील.