सदाशिव पेठेतले टॅक्सवाले काका – साडेतीन स्टार, अर्धा पार्किंगमुळे कापला

नाव टाकत नाही कारण काकाच म्हणाले, आहेत ते क्लायंट पुरे. नागनाथ पाराच्या आसपास, जुना वाडा, पहिला मजला, लाकडी जिना दोरी धरून चढायचा.

झालं असं की डिसेंबरमध्ये इन्कम टॅक्सचा मेल आला, तुमच्या रिटर्नमधले आणि एआयएसमधले (म्हणजे बँका वगैरे खात्याला कळवतात ते) आकडे जुळत नाहीयेत, आणि नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड, १ एप्रिल २०२६ पासून टॅक्सवाले तुमचं व्हॉट्सॲप, जीमेल सगळं वाचणार. मी येडा रात्री दोनपर्यंत बसून गूगल ड्राइव्ह साफ करत होतो, त्यात होतं काय तर गोव्याचे फोटो आणि मावशीच्या एकसष्टीच्या केटररचं कोटेशन.

मॅटर दहा मिनिटांत निघालं. एफडीचं ३६,४०० व्याज दाखवायचं राहिलं होतं, टीडीएस कापला नव्हता म्हणून लक्षातच नाही. ३१ डिसेंबरच्या आत रिवाइज्ड रिटर्न टाकलं, मिटलं.

खरी मजा पुढे. मी धीर करून विचारलं, काका ते व्हॉट्सॲपचं खरंय का? तर त्यांनी कपाटातून दोन पुस्तकं काढली, इन्कम टॅक्सचा १९६१ चा जुना कायदा आणि २०२५ चा नवा, शेजारी शेजारी उघडली आणि पेन्सिल घेऊन बसले. म्हणे, "तुम्ही दोन गोष्टींची भेळ करताय. तुम्हाला आलेला मेल म्हणजे बाईंनी वही परत दिली, दुरुस्त करून आणा. आणि हे जे आहे ना, ही धाड." जुनं कलम १३२, नवं २४७. कॉम्प्युटरवरचे हिशोब उघडून दाखवा हे सांगायचा अधिकार २००२ पासूनच आहे. नव्या कायद्यात ईमेल, सोशल मीडिया, क्लाउड, ट्रेडिंग अकाउंट असं नाव घेऊन लिहिलंय, आणि पासवर्ड मिळाला नाही तर तो ओलांडून आत जायची मुभा दिलीय. त्याखाली पेन्सिलची रेघ दोनदा मारलेली होती. पण त्याआधी वरच्या अधिकाऱ्याचं वॉरंट लागतं, आणि उत्पन्न लपवलंय असं मानायला कारण लागतं. एफडीचं व्याज विसरलं म्हणून कोणी दारात येत नाही.

मग मी म्हणलं ते कारण आपल्याला दाखवतात का? काका नुसते हसले. २०१७ च्या दुरुस्तीपासून ते ट्रिब्युनललासुद्धा (टॅक्सची अपिलं ऐकतं ते) दाखवायची सक्ती नाही, फार तर हायकोर्टात जा. हे मला अजूनही पटलेलं नाही. घरात घुसायच्या आधी कोर्टाला विचारायचं नाही, नंतर कारण सांगायचं नाही, आणि आता फोनपण? फेब्रुवारी २०२५ ला नव्या कायद्याचं बिल आलं, खासदार बैजयंत पांडांच्या ३१ जणांच्या समितीकडे गेलं, उशिरा रिटर्न भरलं तर रिफंड नाही ही अट समितीने काढायला लावली, ती निघाली. हे धाडीचं मात्र राहिलं. ऑगस्टमध्ये सुधारित बिल लोकसभेत ११ ला, राज्यसभेत १२ ला पास. काका म्हणाले, "रिफंडला लोक ओरडले, याला कोण ओरडणार, ज्याच्याकडे धाड पडते तो ओरडायच्या परिस्थितीत नसतो."

फी १,५०० सल्ल्याची, ३,००० रिटर्नचे. महाग वाटली पण एवढं उघडून कोणी दाखवत नाही, आधीच्या ठिकाणी तर "तुम्ही टेन्शन घेऊ नका" यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

तक्रारी: फोन उचलत नाहीत, त्यांच्याकडच्या ताईंना मेसेज टाकायचा, त्या संध्याकाळी उत्तर देतात. आणि पावती मागावी लागली. टॅक्सवाल्याकडे!! दिली पण लगेच.

गाडी टिळक रोडला लावून चालत जा. आणि पासबुकच्या झेरॉक्स घरूनच न्या, खालच्या दुकानात रांग असते.