घरकुलाचा पैसा आधी कुठे घालायचा: जागेचा कागद, अनुदान, इमारत की भाड्याची खोली?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं अंदाजपत्रक येतं आणि गरिबांच्या घरांसाठी एक आकडा त्यात पडतो. तो नेमका कशावर खर्च करायचा, यावर वॉर्डात बसून कुणी बोलत नाही. धुळे-जळगाव असो की अमळनेर-भुसावळ, सगळीकडे हीच गत. तुम्ही नगरसेवक असाल, वस्तीतल्या बचत गटात असाल किंवा प्रभागाच्या बैठकीला जात असाल, तर पुढची तुलना तुमच्या कामाची आहे. माझं मत आधीच सांगतो. पहिला पैसा जागेच्या कागदाला, दुसरा अर्धवट अडकलेल्या घरांना आणि इमारती सगळ्यात शेवटी.

स्वतःच्या जागेवर घर

पंतप्रधान आवास योजना शहरांत २०१५ ला आली, तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आहे, नावावर जागा आहे आणि देशात कुठेही पक्कं घर नाही, अशा कुटुंबाला अडीच लाख मिळतात. त्यात दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास या राज्याच्या योजनेतूनही शहरात तेवढेच.

आता हिशेब करू. घर ३० चौरस मीटरचं धरलं, म्हणजे साधारण सव्वातीनशे चौरस फूट. फुटाला १,८०० रुपये धरले तरी खर्च पावणेसहा लाखांच्या पुढे जातो. म्हणजे सव्वातीन लाख घरच्यांनीच उभे करायचे. त्यात हप्ता येतो काम झाल्यावर, जागेवरचा फोटो ऑनलाइन चढल्यावर. सुरुवात करायला पैसा लागतो नेमका तेव्हाच तो हातात नसतो.

धुळ्यातल्या एका वस्तीत मी हे जवळून पाहिलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी एका बाईंनी पत्र्याचं घर पाडलं, बचत गटाचं कर्ज काढून जोतं भरलं, भिंती उचलल्या. पुढचा हप्ता आलाच नाही. पाऊस लागला तेव्हा कॉलमच्या वर सळया तशाच उघड्या, गंज चढलेल्या, आणि चार भिंतींवर निळी ताडपत्री. भाड्याच्या खोलीचे पैसे वेगळे जात होते. महापालिकेने अशा घरांसाठी घरामागे ५० हजारांचा फिरता निधी ठेवला, तर सरकारी हप्ता आल्यावर तो परत वळवता येतो. तोच पैसा पुढच्या घराला लागतो. चार पर्यायांत परत येणारा पैसा एवढा एकच.

जागेचा कागद

हा पर्याय अंदाजपत्रकात दिसतच नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. नावावर जागा नसेल तर वरचे अडीच लाख असून नसल्यासारखे. शेजारच्याच गल्लीतल्या एक आजी मला म्हणाल्या, "भाऊ, घरपट्टी मी दरसाल भरस, मंग घर मना नाववर का नही?" त्यांच्याकडे पावत्यांचा गठ्ठा होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवलेला. पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. मालकीच्या सरकारी कागदावर, जसं मालमत्ता पत्रकावर, नाव लागल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २०१८ चा आहे. वाट आहे, पण ती चालायला मोजणी लागते, नकाशा लागतो, प्रस्तावामागे फिरणारा माणूस लागतो. एकेकट्या कुटुंबाला हे झेपत नाही. महापालिकेने पूर्ण वस्तीची मोजणी एकदम लावली, फी स्वतः भरली, सोबत नळ आणि गटार नेली, तर कागद मिळालेली माणसं स्वतःच्या हिमतीवर बांधायला लागतात. मात्र रेल्वेच्या जागेवर हा मार्ग चालत नाही, ती जमीन राज्याची नाही. भुसावळकरांनी हे आधी तपासावं.

इमारत

महापालिकेने बांधलेली बहुमजली इमारत फोटोत चांगली दिसते, उद्घाटनही होतं. पण शहरात मोकळी जागा नसते म्हणून ती जाते चार-पाच किलोमीटर लांब. लोटगाडीवाला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला की गाडी रात्री कुठे लावणार? उन्हाळ्यात खाटेवर उडदाचे पापड घालून चार पैसे मिळवणाऱ्या बाईचं अंगण गेलं की तिची ती कमाईही गेली. वर रोजचं रिक्षाभाडं आणि पाण्याच्या मोटारीचं बिल.

जळगावचा अनुभव आपल्या डोळ्यांपुढे आहे. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेने हुडकोचं, म्हणजे घरांसाठी कर्ज देणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, कर्ज काढून ११ हजारांवर घरकुलं बांधायचं ठरवलं. पूर्ण झाली त्यातली थोडी. प्रकरण कोर्टात गेलं, २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. कर्जाचं ओझं मात्र पुढे कित्येक वर्षं शहराने वाहिलं, रस्ते-गटारींचा पैसा तिकडे गेला. म्हणून इमारतीसाठी कर्ज काढायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी फेड कुठून होणार ते लेखी मागा.

भाड्याची खोली

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलवर, चटईच्या कारखान्यात राबणारे कितीतरी जण बाहेरगावचे, सातपुड्याकडून आलेलेही. त्यांना मालकीचं घर नको, मे महिन्यातल्या ४५ अंशांत निजता येईल अशी स्वस्त खोली हवी. पंतप्रधान आवासच्या नव्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा घटक आहे. गरज खरी आहे. पण भाडेवसुली आणि दुरुस्ती महापालिकेला जमेल असं मला वाटत नाही. जागा पालिकेने द्यावी, चालवायला कारखानदारांनी पुढे यावं.

पाच कोटी असतील तर

आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या शहराचे तुम्ही घाला. मोजणी, नळ, गटार मिळून घरामागे २५ हजार धरले तर २,००० घरं. फिरत्या निधीतून एका वेळी १,०००. इमारतीत पालिकेचा वाटा घरामागे ३ लाख धरला तर १६६.

तरीही इमारत लागतेच, ती धुळ्यातल्या पांझरा नदीकाठच्या लोकांना. पूररेषेच्या आतली जागा नावावर करून देणं म्हणजे त्यांना पुरातच बसवणं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीने धुळ्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या घरांपुरती इमारत बांधा, कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि तळमजला लोटगाड्यांना मोकळा ठेवा.

बैठकीला जाताना तीन आकडे मागून घ्या: मंजूर घरकुलं किती, कोणत्या हप्त्यावर किती अडकली, आणि किती अर्ज केवळ जागेच्या कागदाअभावी परत गेले. तिसरा आकडा मोठा निघाला, तर पाच कोटींतला पहिला रुपया मोजणीला मागा.