चिठ्ठीतला एकही शब्द खोटा नव्हता

दिवाळीच्या आधी आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्यात आम्ही व्यवस्थित गंडवले गेलो, त्याबद्दल लिहितेय. आता फसवणूक म्हटली की लोकांना वाटतं डुप्लिकेट माल दिला असेल, नाहीतर ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल. तसलं काहीच नाही. दुकान आजही तिथेच आहे, दुकानदार फोन उचलतो, गोड बोलतो. त्याने जे जे लिहून दिलं ते सगळं अक्षरशः खरं होतं आणि तरी आम्ही फसलो, म्हणून जरा सविस्तर वाचा, विशेषतः सुटे पार्ट निवडून मशीन असेम्बल करून घ्यायचा विचार असेल तर.

घरात आम्ही सहा जण, भांडुपला. मुलगा अकरावी सायन्सला, मुलगी सातवीत, तिची प्रोजेक्टं संपता संपत नाहीत, सासरे सोसायटीचे खजिनदार आणि त्यांना मेंटेनन्सचा हिशोब एकदाचा वहीतून एक्सेलमध्ये आणायचा होता, सासूबाईंना कीर्तनं मोठ्या स्क्रीनवर बघायची होती. इतकी वर्षं सगळं मोबाइलवर आणि माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उरकायचं. लॅपटॉप घेऊया असं नवरा म्हणत होता पण सासरे म्हणाले लॅपटॉप एकाने उचलून खोलीत नेला की बाकीचे बसा बोंबलत, टेबलावर ठेवायचाच घ्या. ते पटलं. बोनस झाला, बजेट ठरलं ४५ हजार.

यादी मुलाने केली, आणि चांगली केली होती. आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर, एच-६१० चा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायचा ड्राइव्ह, त्यातला वेगवान प्रकार), बऱ्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), २२ इंची मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा वेगळा पार्ट, यादीत नव्हतंच कारण १२४०० मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं आणि अभ्यास, एक्सेल, यूट्यूब एवढ्याला ते पुष्कळ होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शनिवारी नवरा आणि मुलगा लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, गेले. ११ तारीख होती, जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) मुदत, मी अकाउंट्समध्ये आहे त्यामुळे त्या दिवशी माझं हलणं शक्यच नव्हतं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, ईस्टला उतरलं की चालत पाच मिनिटं. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी लॅमिंग्टन रोडच विचारा. दुकान नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सुचवलेलं. दुकानदार मराठी, गल्ल्यामागे गणपती, "साहेब आपल्या माणसाला फसवून कुठे जाणार" वगैरे वगैरे. (हे वाक्य जो स्वतःहून म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहावं असं माझं आता ठाम मत झालंय.)

त्याने मुलाची यादी बघितली, "मस्त यादी आहे रे" म्हणाला आणि दुकानाच्या पॅडवर स्वतःच्या अक्षरात उतरवून दिली. ती चिठ्ठी आजही माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंय: आय-फाइव्ह बारावी जनरेशन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४५० वॅट, २२ एलईडी, विंडोज टाकून. ३७,५००. यादीतून चिठ्ठीत येता येता मॉडेल नंबर गळून पडले, बास. तिथेच सगळा खेळ झाला.

वर म्हणाला, पोरगा हुशार आहे, माझ्याकडून दिवाळीचं गिफ्ट म्हणून दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड फ्री टाकतो. पोरगा हवेत. नवराही खूश. मग "असेम्बली वर माळ्यावर होते, तिथे गर्दी चालत नाही, तास-दीड तासात या, काहीतरी खाऊन घ्या". आले तेव्हा मशीन चालू करून दाखवलं, फटाफट सुरू झालं, टॅक्सीत घालून घरी. खोकी मागितली तर म्हणाला फक्त मॉनिटरचं न्या, बाकी इथेच राहू देत, वॉरंटीत माल पाठवायला लागतात, हरवली तर तुमचंच नुकसान.

बिलाचं मात्र मी फोनवर बजावलं होतं, पक्कं बिल घ्या. त्यावर तो म्हणाला १८ टक्के वर पडतील. ६,७५० रुपये. घरात सगळे माझ्यावर हसले, एवढ्यात प्रिंटर आला असता म्हणून. ४४,२५० भरले.

जानेवारीपर्यंत सगळं बरं चाललं. मग मशीन मधेच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. किचनमध्ये मिक्सर लागला की हमखास. मुलीचं अर्धं लिहिलेलं प्रोजेक्ट दोनदा गेलं, रडारड. दुकानदार म्हणाला तुमच्या घरातल्या वायरिंगचा प्रॉब्लेम, स्टॅबिलायझर घ्या. शेवटी भांडुप स्टेशनजवळ रिपेअरिंग करणारा एक जण आहे त्याला घरी बोलावलं.

त्याने कॅबिनेटची बाजूची पत्री काढली आणि काही बोललाच नाही थोडा वेळ. मग एसएमपीएस सोडवून माझ्या हातात दिला, "ताई, वजन बघा". रिकामा डालड्याचा डबा असतो ना, तसा. वर ४५० वॅटचा स्टिकर, पण कंपनीचं नाव त्याने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. म्हणाला हा त्याच्या निम्म्याला पण टिकणार नाही, व्होल्टेज जरा खाली आलं की मान टाकतो. मग ग्राफिक्स कार्ड काढलं. दोन-तीन महिन्यांच्या मशीनमधल्या कार्डाच्या पंख्यात काळी चिकट धूळ, मागच्या स्क्रूंची डोकी झिजलेली, आणि कडेला दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानाचा तो छोटा वॉरंटीचा स्टिकर ज्यावर महिने आणि वर्षं छापलेली असतात आणि मार्करने खूण करतात. खूण २०२१ वर होती.

जीटी ७१० कार्ड. २०१६ चं मॉडेल, आणि आतली चिप त्याहूनही जुन्या पिढीची, जिला विंडोजच्या ड्रायव्हरचे सिक्युरिटी अपडेटसुद्धा २०२४ मध्ये बंद झाले. यूट्यूब हल्ली ज्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं ते या कार्डाला स्वतःहून उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर. म्हणजे सासूबाईंचं कीर्तन लागलं की पंखा का घुमायचा ते तेव्हा कळलं.

मी विचारलं, पण फुकट दिलंय ना, जुनं का असेना. तो हसला. मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावली. त्या पोर्टला काळी प्लास्टिकची टोपी होती, आम्हाला वाटायचं ती असतेच. मशीन चालू केलं, स्क्रीन काळी. काहीच नाही. कारण प्रोसेसर १२४०० नव्हता, १२४००एफ होता. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला. बाकी सगळं तेच, म्हणून स्वस्त मिळतो आणि वेगळं चांगलं कार्ड घेणाऱ्यासाठी तो उत्तमच आहे, त्यात खोटं काही नाही. पण एफ टाकला की स्क्रीन दिसायला कुठलंतरी कार्ड लागणारच, म्हणून भंगारातलं एक टाकलं आणि त्यालाच गिफ्ट म्हटलं. आमच्या मूळ यादीतल्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स या गिफ्टपेक्षा चांगलं होतं. पोराचा चेहरा बघवत नव्हता, बिचारा मित्रांना सांगून बसला होता कार्ड फ्री मिळालं म्हणून.

एसएसडी एनव्हीएमई नव्हती, साधी साटा होती, म्हणजे कितीतरी पट हळू, पण तेही एक वेळ चाललं असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ड्राइव्ह आजवर किती तास चालू होता ते दिसतं. आमचा १३ हजार तासांच्या वर. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवला तरी दीड वर्ष. रॅम दोनच्या जागी एकच, १६ ची. तिचं जाऊ दे.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो विंडोजचा. ते ॲक्टिव्हेटर (लायसन्स नसताना चालू करून देणारं सॉफ्टवेअर) मारून चोरीचं टाकलेलं होतं, आणि ते चालावं म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस त्या फोल्डरकडे बघणार नाही अशी सेटिंग करून ठेवली होती. त्याच मशीनवर सासरे सोसायटीचं नेटबँकिंग करत होते! बाकी सगळ्यात आमचे पैसे गेले, यात चाळीस बिऱ्हाडांचे गेले असते. त्याच रात्री मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले, नंतर सगळं पुसून विकतचं विंडोज टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "वहिनी, चिठ्ठी वाचा ना. बारावी जनरेशन आय-फाइव्ह आहे की नाही? ५१२ एसएसडी आहे की नाही? ४५० वॅट लिहिलंय, स्टिकरवर ४५०च आहे." मी म्हटलं, माल वापरलेला आहे. तर म्हणतो, "नवीन असं कुठे लिहिलंय?"

खरंच नव्हतं लिहिलेलं. कोण लिहून घेतं हो?

तर आता लिहून घ्या. प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरासकट, आणि समोर "नवीन, सीलबंद" हे शब्द, पैसे द्यायच्या आधी. खोकी तुमच्यासमोर फुटली पाहिजेत आणि घरी आली पाहिजेत. इंटेलच्या बॉक्समधल्या प्रोसेसरला तीन वर्षं कंपनीची वॉरंटी असते आणि खोक्यावरचे नंबर इंटेलच्या साइटवर टाकून तपासता येतात. सुटा, म्हणजे ट्रेवाला प्रोसेसर असेल तर इंटेलकडे थेट वॉरंटी मागता येत नाही, जे काय ते दुकानदार. आमच्या चिठ्ठीमागे "दुकान वॉरंटी १ वर्ष" असा शिक्का आहे, त्याचा अर्थ हा. असेम्बली डोळ्यांसमोर होत नसेल तर सुटे पार्ट घेऊन निघा, कुठलाही रिपेअरवाला थोडक्या पैशात बसवून देईल. आणि रॅम-एसएसडीचे भाव २०२५ च्या शेवटापासून इतके चढलेत की जुना माल पुसून नवा म्हणून खपवायचा मोह आता अजूनच वाढला असणार.

सगळा बाजार असाच आहे असं नाही बरं का. आमचा रिपेअरवाला माल तिथूनच आणतो. नवीन एसएमपीएस आणायला मी स्वतः त्याच्याबरोबर गेले, दुसऱ्या दुकानात, तर तिथल्या मुलाने न मागता बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही छापून दिले.

आमच्या बिलावर काय होतं? "असेम्बल्ड कॉम्प्युटर, १ नग, एचएसएन ८४७१." (एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा कोड.) संपलं. नवऱ्याने तेव्हा विचारलं होतं, पार्टची नावं का नाहीत, तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये एवढ्या ओळी बसत नाहीत. पण बिल होतं, आणि बिलावर जीएसटी नंबर होता, आणि दिवसभर असली बिलं चाळणं हेच माझं काम. १५ अक्षरी नंबर, सुरुवात २७ ने, महाराष्ट्राचा, दिसायला झकास. जीएसटीच्या पोर्टलवर सर्च टॅक्सपेअरमध्ये टाकला, त्याला लॉगिनही लागत नाही. स्टेटस: कॅन्सल्ड. आमच्या बिलाच्या कितीतरी आधीपासून. नोंदणी रद्द झालेल्या माणसाला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेताच येत नाही. यूपीआय बघितलं तर पैसे दुकानाच्या नावावर नाहीच, कुणा बाईंच्या नावावर गेलेले. म्हणजे ते ६,७५० सरकारकडे गेलेच नव्हते.

स्क्रीनशॉट त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. तासाभरात फोन, आणि वहिनीची एकदम ताई झाली. "ताई एवढं कशाला ताणताय, आपण बसून मिटवू." दोन दिवसांत ६,७५० परत आले, या वेळी तिसऱ्याच कुणाच्या नावावरून.

मी थांबले नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, पण ते फक्त मध्यस्थी करतात, दुकानदाराने नाही म्हटलं की विषय तिथेच थांबतो. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठेही असो, आणि मुदत दोन वर्षांची. मुलाची मूळ यादी त्याच्या मोबाइलमधून दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलेली होती, ती, चिठ्ठी, बिल, स्टिकरचे फोटो, १३ हजार तासांचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. कुठलाही दुकानदार यादी हातात घेऊन बघत असेल तरी त्याला ती व्हॉट्सॲपवर पाठवाच.

मागच्या आठवड्यात त्याचा परत फोन. "ताई, ते कार्ड आणि एसएसडी दुकानात आणून द्या, मग प्रोसेसरचं बघतो." म्हणजे कार्ड काढून दिलं की घरातली स्क्रीन बंद, आणि पुरावा त्याच्या ड्रॉवरमध्ये. मी म्हटलं, तुम्हीच या की भांडुपला, १२४०० चं सीलबंद खोकं घेऊन, बिन-एफचं, माझ्यासमोर फोडा, बसवा, पोच लिहून द्या आणि मग कार्ड न्या. बघतो म्हणाला. त्यानंतर फोन नाही.