खाडीकाठचं रेशन दुकान: काय मिळतं, कुठे अडतं

जुनी माणसं अजून याला ‘कंट्रोल’च म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका रास्त भाव दुकानाबद्दल हे लिहिलं आहे, पण कोकणात कुठेही रेशन घेणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

आधी हक्काचं बोलू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य ठरलेलं आहे. पूर्वी तांदळाला किलोमागे ३ आणि गव्हाला २ रुपये पडत. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. गहू किती, तांदूळ किती हे महिन्यागणिक बदलतं, एकूण बेरीज बदलत नाही. बेरीज कमी भरली तर तिथल्या तिथे विचारावं.

अंत्योदयमध्ये एक मेख आहे आणि ती कुणी समजावून सांगत नाही. ३५ किलो कार्डाला आहेत, माणसांना नाहीत. घरात दोघं असतील तर वाट्याला साडेसतरा किलो येतात. आठ जण असतील तर साडेचार किलोही नाहीत, म्हणजे प्राधान्यवाल्यापेक्षा कमी. सात माणसांपर्यंत अंत्योदय तोट्याचं नाही, पुढे हिशोब उलटतो. मोठ्या एकत्र कुटुंबाने चुली खरोखर वेगळ्या झाल्या असतील तर कार्ड विभक्त करून घ्यावं.

दुसरा गोंधळ रंगाचा. कार्ड केशरी आहे म्हणजे धान्य मिळणारच असं नाही. त्यावर प्राधान्याचा शिक्का आणि ऑनलाइन नोंद हवी. प्राधान्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये ठरली. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४२ दिवस काम केलं की ही मर्यादा ओलांडली जाते. काजूच्या कारखान्यात जाणारी बाई आणि होडीवर खलाशी असलेला तिचा नवरा, अशा घराला कागदावर गरीब राहणंच जमत नाही. ही मर्यादा माणसाला खोटा दाखला काढायला लावते, आणि पुढे तोच दाखला दाखवून त्याला चोर ठरवलं जातं. हे मनाला फार लागतं.

आता दुकानात काय होतं ते. मशीनवर कार्डाचा नंबर टाकला की घरातल्यांची नावं येतात. एकाचं नाव निवडायचं आणि अंगठा लावायचा. इथेच सगळ्यात जास्त अडतं. काजूच्या टरफलाच्या चिकाने बोटांची कातडी जळते. कोलंबी सोलणारीची बोटं बर्फाच्या पाण्यात सुरकुततात. चिरेखाणीतल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा जांभ्याने घासून जातात. काचेवर अंगठा टेकवायचा, लाल दिवा, पुसून परत टेकवायचा, पुन्हा लाल दिवा. मागे रांग ताटकळलेली असते आणि ती बाई उगाचच ओशाळते. दोष तिचा नाही.

उपाय आहेत. कामावरून थेट येऊ नये. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत, अगदी कोरडी पडलेली कातडी असेल तर खोबरेलाचा थेंब चोळून नीट पुसून घ्यावा. दुकानदाराला आधी काच पुसायला सांगावी. अंगठ्याचाच हट्ट नको: आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, त्यामुळे करंगळीजवळचं बोट चालून जातं. कार्डावरचं दुसरं कुणीही अंगठा लावू शकतं. डोळ्यांचा स्कॅनर असेल तर तो मागावा. या दुकानात तो होता, पण कपाटात. एकट्या म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात, त्याच्यासाठी आधार केंद्रावर ठसे नव्याने घेणं हाच टिकाऊ मार्ग. एक खेप वाया गेली की एक रोज बुडतो, म्हणजे फुकट धान्याला एका रोजाचे पैसे मोजले.

वजनात या दुकानाला मी बरे गुण देईन, पूर्ण नाही. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, वैधमापनाचा शिक्का आहे. पण पाटी ठेवल्यावर आकडा शून्यावर आणला का हे बघावं लागतं, नाहीतर पाटीचं वजन तुमच्या तांदळात जातं. ‘गोणीत घट येते’ म्हणून किलो-अर्धा किलो कापणं चूक आहे. दुकानदाराचीही बाजू आहे: क्विंटलमागे मार्जिन १५० रुपये होतं, २०२५ मध्ये १७० झालं. महिन्याला ८० क्विंटल माल जाणाऱ्या दुकानाला १३,६०० रुपये सुटतात, त्यातच भाडं, वीज, हमाली. हे कमीच आहे, पण ती भरपाई गरिबाच्या पाटीतून व्हायला नको. सगळ्यात वाईट सवय म्हणजे आधी अंगठा घेऊन ‘माल उद्या ने’ सांगणं. अंगठा लागला की सरकारदरबारी धान्य तुम्हाला मिळालेलं असतं. काट्यावर माल चढल्याशिवाय बोट टेकवू नये, आणि पावतीवरचे किलो वाचल्याशिवाय हलू नये. तक्रारीला १९६७ हा नंबर आहे. कार्डाचा नंबर, तारीख आणि पावती हाताशी ठेवून फोन करावा.

तांदळाबद्दल. काही दाणे पिवळसर, वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि बाया ‘प्लास्टिकचे’ म्हणून वेचून टाकतात. टाकू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून केलेले ते दाणे आहेत, साधारण शंभरात एक. फार चोळून धुऊ नये, भाताचं पाणी काढून फेकू नये. पेजेला मात्र हा तांदूळ गिच्च होतो. निम्मा उकडा मिसळला तर बरी होते. घावनाला झकास.

नवी सून, नवं बाळ यांचं नाव कार्डावर चढतं, पण धान्य लगेच सुरू होत नाही. कारण इष्टांक. किती माणसांना धान्य द्यायचं हा आकडा २०११ च्या जनगणनेवर ठरला आणि तिथेच थांबला. कुणाचं नाव कमी झालं तरच जागा होते. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत दर महिन्याला विचारत राहावं.

चाकरमान्यांसाठी: गावच्या कार्डावर नाव असेल तर ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, गणपतीची वाट बघू नका, मुंबईतल्या जवळच्या दुकानात होते. धान्यही काही मुंबईत आणि उरलेलं गावी उचलता येतं. भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना हीच सोय सर्वात उपयोगाची, पण तिथल्या दुकानदाराने नकार दिला की ती बिचारी परत फिरतात. कार्ड कुठल्याही गावचं असो, मशीनवर नंबर टाकून बघायला सांगावं.

मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि खलाशाच्या घरात रेशनची खरी गरज तेव्हाच. नाव गळलंय हे जुलैत कळलं तर दोन महिने हातचे गेले. मे महिन्याच्या पावतीवर घरातली सगळी माणसं धरून किलो जुळतात का ते मोजावं, आणि नाही जुळले तर होडी किनाऱ्याला ओढण्याआधी पुरवठा शाखा गाठावी.