सेचेन्यी, बुडापेस्ट: ऑक्टोबरात जा आणि सकाळीच जा

बुडापेस्टला ऑक्टोबरअखेर जाणार असाल, तर आधी सेचेन्यी स्नानगृहाची सकाळ ठरवून टाका आणि मग उरलेलं शहर तिच्या आजूबाजूला बसवा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुठे ‘औषधी पाणी’ अशी पाटी दिसली की माझं लक्ष आधी पायऱ्या, कठडे आणि पाण्याचं तापमान यांकडे जातं. सोबत माझी ताई होती. तिच्या एका गुडघ्याचा सांधा बदलून वर्ष उलटलंय, काठी अजून हातात असते. तिला झेपेल तेवढंच फिरायचं, हे घरूनच ठरवून निघालो होतो.

जायला सगळ्यात सोपी म्हणजे पिवळी मेट्रो, एम १. ही १८९६ सालची, युरोपच्या मुख्य भूमीवरची (म्हणजे लंडन सोडून) पहिली भुयारी मेट्रो. आन्द्राशी रस्त्याच्या अगदी पोटाखालून धावते, त्यामुळे फलाट फार खोल नाहीत. एक जिना उतरलं की गाडी समोर. लिफ्टची अपेक्षा मात्र ठेवू नका. कठडा धरून सावकाश उतरायचं. स्नानगृहाच्या नावाचंच स्टेशन आहे. वर आलं की पिवळी, घुमटवाली इमारत समोरच दिसते. बाहेरून राजवाडाच वाटतो. आत शिरल्यावर कळतं, की हे लोकांचं रोजचं ठिकाण आहे.

तिकीट काढताना साधा लॉकर की कपडे बदलायची स्वतंत्र केबिन, असं विचारतात. केबिन घ्या. फरक फार नाही आणि ज्याला वाकून मोजा काढायला वेळ लागतो, त्याला बसायला फळी आणि बंद दार मिळतं, ही मोठी सोय आहे. मनगटावर पट्टा देतात, त्यानेच दार उघडतं. टॉवेल आणि रबरी चपला घरून न्या. पोहण्याच्या मधल्या तलावात टोपीशिवाय उतरू देत नाहीत, तेव्हा पोहणार असाल तर तीही घ्या. चपला घसरणाऱ्या नकोत, तळाला खाचा असलेल्याच हव्यात. स्नानगृहाची फरशी कायम ओली असते आणि नव्या सांध्याला पाण्यापेक्षा फरशीचं भय जास्त.

आता मुख्य गोष्ट. दार ढकलून उघड्या अंगणात आलं की पहिली चार पावलं हाडं गोठवतात. ऑक्टोबरअखेर सकाळी हवेत चांगलाच गारठा असतो आणि अंगावर फक्त पोहण्याचा पोशाख. मग पायऱ्या उतरून ३८ अंशांच्या पाण्यात गेलं की अंग सैल पडतं. हा फरकच इथली खरी मजा आहे. उन्हाळ्यात हेच पाणी नुसतं कोमट वाटत असणार, म्हणून मी पानगळीचे दिवस सुचवते. पाण्यावर इतकी वाफ असते, की पलीकडच्या काठावरचा माणूस धूसर दिसतो. गंधकाचा वास आहे, पण थोडाच.

छातीएवढ्या पाण्यात म्हातारे गृहस्थ बुद्धिबळ खेळत होते. पट काठावर, खेळाडू पाण्यात. एकजण दर चालीआधी बोटं झटकून पाणी उडवायचा, मग अंगठा आणि तर्जनीत घोडा धरून अलगद उचलायचा. त्याचा प्रतिस्पर्धी डोळे मिटून मान मागे टेकवून बसलेला. कोणालाही घाई नव्हती. शेजारी उभं राहून डाव बघितला तर कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

ताईने काठी कठड्याला टेकवून ठेवली आणि पाण्यात चालायला लागली. यात चमत्कार काही नाही. छातीपर्यंत पाणी असलं की शरीराच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा पायांवर येतो आणि उबेने स्नायूंचा ताठरपणा उतरतो. जमिनीवर ती नवा गुडघा जपून, किंचित बाजूला टाकत चालते. इथे टाच आधी, मग चवडा, अशी सरळ पावलं पडत होती. माझ्या व्यवसायात हे रोजचं आहे, तरी आपल्या माणसाच्या बाबतीत बघताना डोळे भरून आले. पंधरा-वीस मिनिटांत तिला बाहेर काढलं, पाणी प्यायला लावलं, पुन्हा थोड्या वेळाने उतरलो. तुम्हीही असंच करा. गरम पाण्यात रक्तदाब खाली येतो. एकदम उठून उभं राहिलं तर चक्कर येऊ शकते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तर जास्तच.

तिसऱ्या मैदानी तलावात एक गोल प्रवाह आहे, तो माणसाला गरगर फिरवत नेतो. मला आवडला. पण सांधा बदललेल्यांनी तिकडे जाऊ नये, पाय पिळवटतो. आत छताखाली लहानमोठी कुंडं आहेत, प्रत्येकाजवळ तापमान लिहिलेलं असतं. ते वाचूनच उतरा.

हे पाणी येतं कुठून? विल्मोश झिगमोन्दी या खाण अभियंत्याने स्नानगृह ज्या बागेत आहे, त्याच बागेत ९७० मीटर खोल विहीर खणली. ती १८७८ साली पुरी झाली आणि ७४ अंशांचं पाणी वर आलं. आजचं स्नानगृह ग्योझ्यो त्सिगलरच्या आराखड्यावरून १९१३ मध्ये उभं राहिलं. १९३८ साली १२४६ मीटरची दुसरी विहीर खणली, तिचं पाणी ७७ अंशांचं. ते थंड करून तलावांत सोडतात. शेजारच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांनाही इथलंच गरम पाणी जातं! हंगेरीत डॉक्टर सांध्यांच्या दुखण्यासाठी अशा स्नानाची चिठ्ठी लिहून देतात आणि सामाजिक विमा त्यातला खर्च उचलतो. सकाळी भेटणाऱ्या स्थानिकांकडे बघून हे पटतं. ती मंडळी औषध घ्यायला आलेली असतात. माझ्या मते इथे जायचं ते याच वेळेला. दुपारनंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, सहलीला आलेल्या तरुणांची गर्दी होते आणि शांतपणे चालायला जागा उरत नाही.

दुसरा पर्याय रुदॉश. सोळाव्या शतकातलं तुर्की स्नानगृह, डॅन्यूब नदीकाठीच. दगडी घुमटाखाली अष्टकोनी कुंड, घुमटाच्या भोकांतून उजेडाचे कवडसे. देखणं आहे, पण अंधूक आहे, आणि ताईसाठी मला सेचेन्यीचा मोकळा उजेडच बरा वाटला. तिथे काही वार फक्त पुरुषांचे, तर एखादा फक्त बायकांचा असतो, वेळापत्रक पाहून जा. गेलेर्तचं नाव अनेकजण सुचवतील, पण ते ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे.

स्नानानंतर दुपार नदीकडे घालवा. पेश्तच्या, म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या काठाने जाणारी २ नंबरची ट्राम हीच आमची सहल झाली. बसल्या बसल्या संसद, साखळीपूल आणि पलीकडे बुदाचा किल्ला, सगळं खिडकीतून जातं. उजेड असताना एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा बसा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा बेत त्या हिशोबाने आखा. संसदेजवळ काठावर लोखंडी बुटांच्या साठ जोड्या आहेत, २००५ साली बसवलेल्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत लोटलं. त्या बुटांत लोक फुलं, मेणबत्त्या ठेवून जातात. तिथे फोटोसाठी पोज देऊ नका, एवढंच.

आपल्यापैकी प्रत्येकाने बुदाच्या बाजूला बथ्यानी चौकात उतरून सिलाग्यी देझ्यो चौकापर्यंत चालत जावं. पाचेक मिनिटांचा सपाट रस्ता आहे, समोर नदीपलीकडे संसद. या चौकातल्या ४ नंबरच्या घरात ३० जानेवारी १९१३ ला अमृता शेरगिल जन्मली. आई हंगेरियन गायिका, वडील पंजाबी सरदार. सेचेन्यी उघडलं तेही याच वर्षी. चौकातलं रंगीत कौलांचं चर्च वास्तुविशारद शमू पेत्सचं. १८९७ ची मोठी मंडई त्यानेच बांधली, तिच्या छपरावरही तशीच झगमगती कौलं आहेत. अमृताच्या चित्रांतले तांबडे-तपकिरी रंग डोळ्यांसमोर ठेवून त्या काठावरची पिवळी पडलेली झाडं बघताना आम्ही दोघी बराच वेळ तिथून हललो नाही.

मंडईच्या रविवारच्या वेळा आधी पाहून घ्या. पाप्रिका या लाल मिरचीचं पीक नुकतंच निघालेलं असतं, त्यामुळे पूड या दिवसांत घ्यावी. शाकाहारी असाल तर फ्योझेलेक मागा. वाटाणा, मसूर किंवा पालक मऊ शिजवून दाट केलेला हा पदार्थ आपल्या पातळ भाजीच्या फार जवळचा आहे. वर मांसाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, म्हणून ‘मांस नको’ हे आधीच सांगा. गोडात चेस्टनटचा मऊ लगदा, वर मलई. ताईने तो रोज खाल्ला. नदीकाठच्या एका हॉटेलात बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असूनही वाढप्याने वेगळी टिप मागितली, ते खटकलं. बिलाची शेवटची ओळ नीट वाचून मगच पैसे द्या. २३ ऑक्टोबरला १९५६ च्या उठावाची राष्ट्रीय सुट्टी असते आणि १ नोव्हेंबरलाही बहुतेक दुकानं बंद असतात.

हृदयविकार, उघडी जखम, गरोदरपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ३८ अंशांत उतरू नका. बाकी सगळ्यांनी, विशेषतः दुखऱ्या सांध्यांच्या माणसांनी, दोन सकाळी तरी सेचेन्यीसाठी राखून ठेवा. पहिल्या दिवशी दारं आणि तलाव शोधण्यातच अर्धा वेळ जातो.