रुक्मिणी स्वयंवर घरी वाचायचं, तर नरेंद्राचं की नाथांचं?

श्रावणात घरी मोठ्यानं वाचायला रुक्मिणी स्वयंवर घ्यायचं ठरवलंत, इथवर उत्तम. आता कोणाचं घ्यायचं? आपल्या खान्देशात हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण रुक्मिणी स्वयंवर म्हटलं की एकनाथांचीच पोथी समोर येते. नरेंद्र कवीचं नाव मराठी घेऊन बीए केलेल्यांना आठवतं, तेही पाच मार्कांच्या टिपेपुरतं. महानुभाव घरांत मात्र चित्र वेगळं. तिथं नरेंद्राला मान आहे, साती ग्रंथांत, म्हणजे पंथानं मानलेल्या सात काव्यांत, त्याच्या काव्याची गणना होते. माझ्या घरी दोन्ही वाचून झालीत. ऐकायला आई, मोठी आत्या, वहिनी आणि मनात आलं तर पुतणी. तेवढ्या बळावर लिहितोय, तेव्हा याला घरगुती मत समजा.

काळ आणि आकार थोडक्यात सांगतो. नरेंद्राचं काव्य 1292च्या सुमाराचं, रामदेवराव यादवाच्या काळातलं. एकनाथांचं 1571 मध्ये काशीत पुरं झालेलं, अठरा प्रसंगांचं, सतराशेवर ओव्यांचं. मधे पावणेतीनशे वर्षं गेली, पण दोघांची वाट देवगिरीवरूनच जाते. नरेंद्र तिथल्या दरबारात वाचायला उभा राहिला आणि नाथ तिथंच जनार्दनस्वामींच्या पायाशी शिकले. चाळीसगावहून कन्नड घाट चढला की देवगिरी फार लांब राहत नाही, म्हणून हे दोघंही आपल्याला परके वाटू नयेत. रुक्मिणी तर शेजारच्या वऱ्हाडातली, वर्धेच्या काठच्या कौंडिण्यपूरची. तिच्या माहेराहून आषाढीला पंढरपूरला पालखी जाते.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सांगत बसत नाही. पण तिच्यातला एक धागा आपण विसरून जातो आणि निवड करताना तो हाताशी असलेला बरा.

रुक्मिणीचा बाप भीमक, त्याच्या घरी कृष्णाला नकार का होता? ‘रुक्मी दुष्ट होता’ म्हणून आपण मोकळे होतो. जरा त्याच्या जागी आपल्याकडचा एखादा कर्ता मोठा भाऊ बसवून बघा. स्थळ आलंय चेदीच्या राजाचं, शिशुपालाचं. राज्य आहे, फौज आहे, पाठीशी जरासंध आहे. बोलणी झाली, तिथी ठरली, वऱ्हाड निघालं. आणि बहिणीच्या मनात कोण, तर ज्याच्या घराण्याला गादीच चालत नाही असा. ययातीनं आपलं म्हातारपण थोरल्या मुलाला, कृष्णाचा पूर्वज यदू याला, देऊ केलं, त्यानं ते घेतलं नाही, तेव्हा बापानं शाप दिला की तुझ्या वंशाला राज्य मिळणार नाही. ही नुसती मागची आख्यायिका म्हणून सोडून देता येत नाही. भागवतात कंसाला मारल्यावर उग्रसेनाला गादीवर बसवताना कृष्ण स्वतःच म्हणतो की ययातीच्या शापामुळं आम्हा यदूंना सिंहासनावर बसता येत नाही. पुढे राजसूय यज्ञात शिशुपाल भरसभेत हाच शाप उकरून काढतो. मांडवातून नवरी गेली तो राग वर्षानुवर्षं पोटात ठेवून तो बोलतोय, हे लक्षात घेतलं की त्या शिव्या वेगळ्या ऐकू येतात. कुळाचा हिशेब सोयरिकीत शेवटपर्यंत निघत राहतो, हे आपल्याकडं कुणाला नव्यानं सांगायला नको.

गंमत म्हणजे लग्नानंतर खुद्द कृष्णही या जखमेवर बोट ठेवतो. एकांतात बायकोची थट्टा करताना तो विचारतो, राजांना भिऊन समुद्रात येऊन राहिलेल्या, सिंहासन सोडलेल्या आमच्यासारख्याला तू का पत्करलंस, बरोबरीचं स्थळ का नाही पाहिलंस? रुक्मिणीच्या हातातला पंखा गळून पडतो आणि तिची शुद्ध हरपते. भागवताच्या दहाव्या स्कंधातला हा प्रसंग मला सगळ्या लग्नसोहळ्याहून मोठा वाटतो. नवऱ्याची थट्टा असते, बायकोच्या मात्र पायाखालची जमीन सरकते.

आता नरेंद्र हे काव्य कुणापुढं वाचतोय बघा. स्वतःला यदुवंशी म्हणवणाऱ्या राजापुढं. या यादवांच्या खुणा आपल्याच भागात आहेत. चाळीसगावजवळ वाघळीला 1069चा शिलालेख आहे, त्यात सेऊणचंद्र या यादव राजाचं नाव आहे. रामदेवरावाला काव्य इतकं आवडलं की ते आपल्या नावावर कर, ओवीमागं सोन्याचं नाणं देतो, असं त्यानं सांगितलं. नरेंद्रानं नकार दिला, आमच्या कविकुळाला बोल लागेल म्हणाला. पोथी राजाकडंच राहिली आणि आठवत होत्या तेवढ्या नऊशे ओव्या घेऊन तो आणि त्याचे भाऊ परतले, असं महानुभाव परंपरा सांगते. त्यानंतर चारच वर्षांनी, 1296 मध्ये अल्लाउद्दीन देवगिरीवर आला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत, 1318 पर्यंत गादीही गेली. शापबिप मी मानत नाही, पण वाचताना ही सालं डोळ्यांपुढून हलत नाहीत हेही खरं.

तर आता दोन्ही पोथ्या शेजारी ठेवू.

मोठ्यानं वाचायला नाथ सोपे, यात वाद नाही. ओवी घरंगळत येते, यमक कानाला धरून ठेवतं, अडखळायला होत नाही. लग्नाचे प्रसंग तर असे की ऐकणाऱ्या बायका मधेच बोलायला लागतात. हळद आहे, रुखवत आहे, विहिणींचा मान आणि रुसवेफुगवे आहेत. द्वारकेच्या देवाचं लग्न नाथांनी सरळ मराठी मांडवात लावून दिलंय. वहिनी ऐकता ऐकता आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या विहिणीवर घसरली आणि त्या संध्याकाळी पुढं वाचन झालंच नाही. रुक्मी कृष्णाची निंदा करतो, त्याला ना कुळ ना गोत असं म्हणतो, तर त्याच शब्दांतून नाथ निर्गुण ब्रह्माची स्तुती करून घेतात. ही कारागिरी पाहून हात जोडावेत. शिवाय गोष्ट पुरी होते. घरच्या वाचनात ही लहान बाब नाही. अर्धवट लग्न कुणाला आवडतं?

नरेंद्र वाचायला अवघड. यादवकाळची मराठी, ओवीचे चरण कमीजास्त, पानागणिक दोनचार शब्द असे की टीप बघितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आणि काव्य अपुरं. मात्र त्यात मुलगी दिसते. नाथांच्या भीमकीला आपण कुठं जाणार हे जणू आधीच ठाऊक आहे. जीव शिवाला मिळणार, मधल्या अडचणी म्हणजे मायेचे खेळ, आणि कवी हे आपल्याला विसरू देत नाही. नरेंद्राची रुक्मिणी खरोखर कासावीस होते. चंदन लावलं तरी पोळतं, चांदणं सोसत नाही, सख्यांचे उपाय उलटतात. ही सगळी शृंगाराची ठरलेली सामग्री आहे, मान्य. संस्कृत कवींनी ती घासून घासून गुळगुळीत केली होती. तरी नरेंद्राच्या हातात ती ताजी राहते, कारण तो घाई करत नाही. एकेका कल्पनेपाशी थांबतो, ती उलटसुलट करून बघतो, मग पुढं सरकतो. आत्या सत्तरीच्या पुढची, शाळा फारशी न शिकलेली, घरात अहिराणीच बोलणारी. जिथं मी टीप शोधत होतो तिथं ती बऱ्याचदा अंदाजानं बरोबर पोचायची आणि ‘मंग भाऊनी काय करं?’ म्हणून मला पुढं रेटायची. भाषेची जी भीती मला होती ती ऐकणाऱ्यांना तेवढी नव्हती.

एवढ्यावर पारडं कुठंही झुकलं असतं. माझं झुकलं ते एका कटकटीमुळं आणि ती कटकट पुस्तकातली नाही, घराबाहेरची आहे.

नाथांचं रुक्मिणी स्वयंवर घरात उघडलं की ते वाचन राहत नाही, पारायण होतं. लग्न जमावं म्हणून उपवर मुलीनं ते वाचायचं, ही रीत तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडं तसं काही मनात नव्हतं. गोष्ट ऐकायची, एवढाच हेतू. पण ओटीवर दिवा लावून चार ओव्या म्हटल्या की गल्लीतली कुणीतरी दाराशी थांबायची. ‘कोनासाठे लायेल शे हाई पारायन?’ मी म्हणायचो, कुणासाठी नाही, असंच. त्यावर ती समजूतदार हसायची. दुसऱ्या दिवशी सूचना घेऊन यायची. मुलीनं स्वतः वाचलं पाहिजे, दुसऱ्यानं वाचून उपयोग नाही. पाट घे, तोंड पूर्वेला कर. मधे खंड पाडू नको, नाहीतर पहिल्यापासून. एकीनं तर भुसावळचं एक स्थळच आणलं, मुलाच्या पगाराच्या आकड्यासकट. पुतणी तेव्हा जळगावला एमएस्सीला होती, शनिवार-रविवार घरी यायची. दोनचार वेळा हे ऐकल्यावर ती वाचनाला बसेना. अभ्यासाचं कारण सांगायची, पुस्तक उघडून आतल्या खोलीत बसायची, आणि पान काही उलटत नसायचं हे मला दारातून दिसायचं.

मला राग आला तो इथं. अहो, ही गोष्ट कुणाची? घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नको म्हणून परक्या ब्राह्मणाच्या हाती पत्र पाठवणाऱ्या मुलीची. आणि ते पत्र तरी केवढं चोख आहे! भागवतात सात श्लोक आहेत. नुसतं ‘मला ने’ म्हणून ती थांबत नाही. अंतःपुरातून न्यायचं तर माझ्या नातलगांना मारावं लागेल, ते टाळायचं कसं, याची वाटही ती स्वतः सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळरीतीप्रमाणं नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून मला ने. कुळाचीच रीत वापरून कुळाचा बेत मोडायचा. अशा मुलीची पोथी आपण वापरतो कशाला, तर घरातली मुलगी पटकन बोहल्यावर चढावी म्हणून. यात नाथांचा काडीचाही दोष नाही, हे पुन्हा सांगतो. वाचणाऱ्याची श्रद्धा असेल तर तिलाही माझा विरोध नाही. माझ्या आईची आहे आणि तिनं ते पारायण तिच्या काळी केलेलं आहे.

नरेंद्राच्या पुस्तकाला हा वास नाही. त्याला फळ चिकटलेलं नाही. दारातून कुणी डोकावलं तर ‘काय जुनं काव्य वाचताय वाटतं’ म्हणून पुढं जातं. पुढच्या श्रावणात, कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमले होते तेव्हा मी ते काढलं. रोट झाले, गाणी झाली, जागरणाला मंडळी टेकली होती. पुतणी आपणहून येऊन बसली आणि टिपांचं काम तिनं अंगावर घेतलं. मी ओवी म्हणायची, तिनं शब्द शोधायचा, आत्यानं त्याआधीच अर्थ सांगून मोकळं व्हायचं. रुक्मिणीच्या विरहाला लग्न झालेल्या माझ्या चुलतबहिणी गप्प बसून ऐकत होत्या, आणि त्या सहसा गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत.

अपुरेपणाचा त्रास झाला का? झाला. काव्य जिथं तुटतं तिथं आत्या माझ्यावरच चिडली, पुढचं पान मीच लपवलंय असा तिचा समज. ती उणीव भरून निघते ती अशी: नरेंद्र संपला की तिथूनच नाथांचे रुक्मिणीहरणापुढचे आणि लग्नाचे प्रसंग लावायचे. भाषेत उडी जाणवते, पण गोष्ट तुटत नाही, आणि इतक्या उशिरा नाथांची पोथी उघडल्यावर तिला पारायण म्हणायला कुणी येत नाही. हळद-रुखवताचा आनंदही हातचा जात नाही.

तुमच्या घरी वेगळं असू शकतं. ऐकणारे वारकरी असतील, रोजचा पाठ ठरलेला असेल, मधे टिपा बघणं कुणाला खपणार नसेल, तर नाथांना पर्याय नाही आणि मी तो सुचवतही नाही. वाचणारे तुम्ही एकटेच असाल तर दोन्ही घ्या, प्रश्नच मिटला. पण घरात शिकणारी, लग्नाच्या वयाची मुलगी असेल आणि तिनं ऐकायला बसावं असं खरंच वाटत असेल, तर माझ्या मते नरेंद्रापासून सुरुवात करावी.

घेताना एवढं बघा की शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी दिलेले असावेत. शेवटी वेगळी सूची असलेली प्रत मोठ्यानं वाचायला निरुपयोगी आहे, दर ओवीला मागं पुढं उलटत बसावं लागतं. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी संपादित प्रत बहुधा मिळते. ती आधी आठवडाभर आणून दहा-वीस ओव्या म्हणून बघा, मग पैसे घाला.