झुलीसाठी तहसीलसमोरच्या दुकानातून करून घेतलेले रबरी शिक्के

आमच्या वर्धा जिल्ह्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडी नंदी सजवून आणतात आणि घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्या नंदीच्या झुली मी शिवते, भाचे-पुतण्यांना भेट म्हणून आणि थोड्या विकायलाही. इतकी वर्षं बेगड आणि लेस चिकटवायची. पावसाची एक सर आली की बेगड झडून जायची आणि लेकरू रडत घरी. म्हणून यंदा कापडावरच ठसे मारायचे ठरवले.

आधी एक पारदर्शक शिक्क्यांचा संच घरपोच मागवला होता. रेषा केसासारख्या बारीक. कागदावर सुरेख उठायच्या, मांजरपाटावर मात्र सगळं मिसळून एक डाग. आणि फुलं कुठली तरी परकी. मला बैल हवा होता, कपाशीचं फुटलेलं बोंड हवं होतं, पळसाचं फूल हवं होतं.

मग तालुक्याला गेले. तहसीलसमोर सरपंच-सचिवाचे शिक्के करून देणारं एक छोटं दुकान आहे. दुकानातले दादा म्हणाले, "ताई, आजवर कागदाचेच शिक्के केले. कपड्यासाठी कोनी इचारलंच नाई." पण माझी वहीतली चित्रं त्यांनी मन लावून पाहिली. बोंडाच्या पाकळ्यांमधली जागा वाढवायला त्यांनीच सांगितलं. लेसर मशीनवर रबर कोरताना जळक्या रबराचा वास सुटतो, त्यात मी अर्धा तास बसून राहिले. एका शिक्क्याचे २५० रुपये घेतले. पैसे वसूल.

पहिल्या खेपेला शिक्का उथळ निघाला. चूक त्यांची नाही, सांगायचं मला सुचलं नव्हतं. कागद ताठ असतो, त्याला उथळ शिक्का चालतो. कापड मऊ, त्यात रंग शाईपेक्षा घट्ट. दाबलं की कापड खाचेत शिरतं आणि नको तिथला रंग उचलतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी खोल कोरून दिला, रेषाही जाड ठेवल्या. तेव्हा बैलाचं वशिंड, शिंगं, गळ्यातली घागरमाळ सगळं वेगवेगळं उठलं. पहिला ठसा उचलून पाहिला आणि सासूबाईंना हाक मारून दाखवला.

बैलाचे शिक्के मात्र दोन लागतात, हे झूल नंदीवर टाकल्यावर कळलं. झूल पाठीच्या दोन्ही बाजूंना लोंबते. एकाच शिक्क्याने मारलं तर एका बाजूचा बैल पुढे बघतो आणि दुसऱ्या बाजूचा शेपटीकडे. म्हणून उलट तोंडाचा दुसरा करून घेतला. बोंडाला आणि पळसाला ही भानगड नाही.

शिक्क्यासोबत पॅड घेऊ नका. त्या जांभळ्या शाईचा ठसा मारलेला तुकडा मी पाण्यात बुडवला, पाणी जांभळं आणि तुकडा फिकट. मी फेविक्रिलचे कापडाचे रंग वापरते. गादीच्या फोमचा तुकडा रंगात बुडवून शिक्क्यावर टिपटिप करत लावायचा, ब्रशने नाही. ब्रशने खाचा भरतात. कापड आधी धुऊन खळ काढलेली हवी, नाहीतर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघतो. खाली चादर चौपदरी घालते. सतरंजी घातली होती ती फार मऊ पडली, ठशाच्या कडा फाटल्या. एक दिवस वाळू द्यायचं, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री. तीन-चार दिवस पाणी लावायचं नाही. माझी नमुन्याची झूल आतापर्यंत सहा वेळा धुतली, लाल रंग किंचित उतरलाय, पिवळा आणि काळा जशाचा तसा.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेल्या खादीवरही मारून पाहिलं. जाड सुतामुळे बैलाचे डोळे हरवले, पण बोंड काय देखणं उठलं! कपाशीचं बोंड कापसाच्याच कापडावर. त्या खादीच्या आता राखीच्या पिशव्या करणार आहे.

दुकानाबद्दल एक तक्रार आहे. रबर लाकडी मुठीला ज्या गोंदाने चिकटवलं होतं, तो धुताना सुटला. रंग वाळून खाचेत बसू नये म्हणून शिक्का दर दहा-बारा ठशांनी दातांच्या जुन्या ब्रशने धुवावाच लागतो, तेव्हा गोंद पाण्याला टिकणारा हवा. दादांनी पैसे न घेता पुन्हा चिकटवून दिलं, पण एसटीने जाऊन-येऊन माझा अख्खा दिवस गेला, तोही निंदणाच्या दिवसांत. मूठही लहान आहे. चार इंची बैलाला हाताचा दाब चारही कोपऱ्यांना सारखा पोचत नाही, मागचा पाय फिका येतो. आता मी सुताराकडून सागाचा सपाट ठोकळा करून आणलाय आणि वरच्या अंगाला पेनने बैलाचं तोंड कुठे ते लिहून ठेवलंय.

या आठवड्यात चाळीस झुली छापायच्या आहेत. पळसाचा शिक्का शुक्रवारी मिळणार.